खेळाडूंचे गुडघे: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

खेळताना गुडघा दुखावलेल्यांनी लिहावं, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांत खेळावर पोट असलेलं कुणीच नाही. शेतातलं काम उरकून मैदानावर जाणारी पोरं आहेत, शनिवारी रात्री टर्फ बुक करणारे आहेत, पहाटे पळणाऱ्या बायका आहेत, क्रीडाशिक्षक आहेत. मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे रोज येतात ती हीच माणसं. त्यांच्यासाठी संघाचा डॉक्टर बाकावर बसलेला नसतो. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी एवढं लक्षात घ्या की गुडघ्यात कूर्चा दोन प्रकारची असते. एक म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत पांढरा थर. तो बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड असतो, वाटीच्या मागे त्याहून जाड. दुसरी म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये बसलेल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. सगळे त्यांना गादी म्हणतात, मीही तेच म्हणेन. थराला मात्र कूर्चा म्हणेन.

मी १९ वर्षांचा आहे. गावच्या कबड्डी संघातून चढाई करतो. पंधरा दिवसांपूर्वी सामन्यात कोपऱ्यातल्या खेळाडूनं मांडीला पकड केली. पाय मातीत रोवलेला होता आणि अंग फिरलं. कट् असा आवाज आला. त्या दिवशी चालता आलं, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. गावातल्या एकाकडून चोळून घेतला. आता पाय पूर्ण सरळ होत नाही, गुडघा अडकतो. महिन्यानं स्पर्धा आहे. नीकॅप घालून खेळू का? (तासगाव तालुका)

नाही. नीकॅप घालूनही नाही आणि एक चढाई करून बघण्यापुरतंही नाही.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. सूज दुसऱ्या दिवशी आली, ही पहिली. दुखावल्यावर तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठल्याची शक्यता मोठी, आणि मग हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलं का, हाडाला काही झालं का, हे आधी बघावं लागतं. सावकाश, रात्रभरात चढणारी सूज गादीच्या इजेत जास्त दिसते. हा काही पक्का नियम नाही, पण तपासणाऱ्याला त्यातून दिशा मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे पाय सरळ न होणं. गादीचा फाटलेला भाग उलटून सांध्याच्या मधोमध येऊन बसला की गुडघा असा अडकतो. जोर लावून तो सरळ करायला कुणालाही देऊ नकोस. चोळणं आजपासून बंद. खाली मांडी घालून किंवा उकिडवं बसू नकोस. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव, शक्यतो गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्याला. एक्स-रेत गादी दिसत नाही, त्यामुळे एमआरआय लागेल. लिगामेंटचंही त्यातच कळेल, कारण रोवलेल्या पायावर अंग फिरलं की पुष्कळदा दोन्ही एकदम जातात.

ऑपरेशन सांगितलं तर घरच्या मोठ्या माणसाला सोबत ने आणि विचार, ‘गादीला टाके घालता येतील का?’ गादीचा रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, साधारण एक तृतीयांश भागात असतो. तिथली फाट टाक्यांनी भरून येऊ शकते. आतल्या काठाला रक्त पोचत नाही, म्हणून तिथला तुकडा बहुधा छाटावा लागतो. पण तुझ्यासारखा अडकवणारा मोठा तुकडा पुष्कळदा कडेपासूनच सुटलेला असतो, आणि या वयात तो जागेवर बसवून शिवायचा प्रयत्न व्हायलाच हवा. उशीर झाला की तो तुकडा चेंगरून खराब होतो आणि शिवण्याजोगा राहत नाही. मी घाई करायला सांगते ती यासाठी.

एके काळी गादी बिनकामाची समजून सरसकट काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदानं अशा गुडघ्यांचे एक्स-रे मांडून दाखवले. सांध्यातली फट कमी झालेली, हाडाच्या कडा वाढलेल्या, सांधा बसत चाललेला. गादी गेली की तोच भार कूर्चेच्या लहानशा भागावर येतो आणि तिथला दाब दुपटीहून जास्त होऊ शकतो. डॉक्टरांच्या सवयी बदलायला त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. पोराला महिन्याच्या आत मैदानावर उभं करून दाखवतो तोच डॉक्टर भारी, हा समज तर गावोगाव अजून आहे. मला याचा फार त्रास होतो, कारण तिशी-पस्तिशीत तेच गुडघे माझ्याकडे येतात.

टाके घातले तर साधारण चार ते सहा आठवडे कुबड्या आणि ब्रेस, गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, पूर्ण खाली बसणं चार महिने बंद आणि कबड्डी सहा महिन्यांनी, तीही मांडीची ताकद दोन्ही पायांत जवळपास सारखी झाली तरच. नुसतं छाटलं तर महिन्या-दोन महिन्यांत खेळता येईल. दोन्हींतला फरक घरी नीट समजावून सांग. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी विचारून घे.

आणि संघातल्या बाकीच्यांना सांग. गुडघा दुखावला की पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. क्रेप बँडेज, पाय उंच. शेक नाही, मालिश नाही. चार पावलंही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्स-रे.

वय ४६, नोकरी हिंजवडीत. दर शनिवारी रात्री मित्रांबरोबर टर्फवर बॉक्स क्रिकेट. तीन महिन्यांपासून गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं, जिना उतरताना जास्त. मार लागल्याचं आठवत नाही. एमआरआयमध्ये ‘आतल्या गादीच्या मागच्या भागात ग्रेड ३ टेअर’ आलं. दुर्बिणीतून साफ करून घ्या म्हणतात, तारीखही दिली आहे. करू का? (पुणे)

तुमचा गुडघा अडकत नसेल आणि पूर्ण सरळ होत असेल, तर ती तारीख पुढे ढकला, असं मी म्हणेन. आधी तीन महिने व्यायाम नेटानं करा.

अहवालातला ‘ग्रेड ३’ वाचून माणसं हादरतात, हे मी रोज बघते. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आत दिसणारा बदल, ३ म्हणजे तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला. चाळिशीनंतर असे बदल केस पिकल्यासारखे येतात. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या पन्नाशीपुढच्या सर्वसामान्य लोकांचे एमआरआय काढले गेले. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचं कसलंही दुखणं नव्हतं. म्हणून फोटोतली फाट हेच तुमच्या दुखण्याचं कारण, असं आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

फिनलंडमधली चाचणी तर तुमच्याच वयोगटावरची आहे. ३५ ते ६५ वयाचे १४६ जण, सगळ्यांची आतली गादी झिजून फाटलेली, सांध्याची झीज नाही. काहींची गादी दुर्बिणीतून छाटली. बाकीच्यांना ऑपरेशन टेबलावर घेतलं, दुर्बीण आत घालून पाहिलं, पण छाटलं काहीच नाही, फक्त छाटल्याचा देखावा केला. कोण कोणत्या गटात हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. वर्षानंतर दोन्ही गटांना सारखंच बरं वाटत होतं. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे नॉर्वेत बारा आठवड्यांच्या व्यायामाची तुलना ऑपरेशनशी केली, तेव्हा दोन वर्षांनंतरही त्रासात फरक दिसला नाही.

व्यायाम म्हणजे पलंगावर पाय ताणून दहा वेळा वर-खाली करणं नव्हे. मांडीचे स्नायू दमले पाहिजेत. आठवड्यातून तीन दिवस हे करा: खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, जमू लागलं की एका पायावर जास्त भार घेऊन. पायरीवर चढून सावकाश खाली उतरणं, उतरताना मनात तीन मोजत. पाठीवर झोपून टाचा रोवून कंबर उचलणं. उभ्यानं टाचा उचलणं. आठ-दहा वेळा करता करता स्नायू थकतील एवढं वजन पाठीवरच्या पिशवीत घ्या. करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकं कमी झालं पाहिजे आणि सूज चढायला नको. चढली तर भार कमी करा, व्यायाम सोडू नका. वजन जास्त असेल तर तेही बघा. अंगावरचा एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

आता टर्फबद्दल. तिथं तासाचे पैसे भरलेले असतात, त्यामुळे गाडी लावली की माणसं थेट खेळायलाच उभी राहतात. पाच दिवस खुर्चीत घालवलेला पाय एकदम धाव घेऊन एकदम वळतो. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि पार्किंगमध्येच जॉगिंग, बाजूला सरकत पळणं, उठाबशा करून घ्या. लांब खिळ्यांचे बूट टर्फवर रुततात, पाय अडकतो आणि गुडघा फिरतो. बारीक रबरी गोट्यांचे, टर्फसाठीचे बूट घ्या. पहिला महिना क्रिकेट बंद. मग आधी सरळ धावणं, त्यानंतर वळणं.

आमच्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ आहे. दोन वर्षांत तीन मुलींचे गुडघे गेले. एकीचं लिगामेंट आणि गादी दोन्ही. पालक आता मुलींना पाठवायला तयार नाहीत. आमच्याकडे जिम नाही, फिजिओ नाही. काय करता येईल? (धाराशिव जिल्हा)

सर, तुमचं पत्र वाचून मी सगळ्यांत अस्वस्थ झाले. मी शाळेत खो-खोच खेळले, मुलीचा खेळ सुटला की तिचं काय काय सुटतं ते मला ठाऊक आहे.

सारख्याच खेळात मुलींचं पुढचं लिगामेंट तुटायचं प्रमाण मुलांच्या साधारण दोन ते तीन पट असतं, आणि लिगामेंट गेलेल्या गुडघ्यात गादी व कूर्चा मागोमाग जातात. कारणं बरीच आहेत, त्यातलं एक आपल्या हातात आहे. वयात येताना उंची आणि वजन भराभर वाढतं, स्नायूंवरचा ताबा मागे राहतो. मग उडीवरून उतरताना किंवा थांबून वळताना गुडघा आत कलतो. मुलींना ओळीनं उभं करून ओट्यावरून खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. कुणाचे गुडघे एकमेकींकडे झुकतात ते लगेच दिसेल.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. फिफानं हौशी फुटबॉलपटूंसाठी ‘११ प्लस’ नावाचा वॉर्मअप तयार करून घेतला. साधारण वीस मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. पळणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगानं पळून दिशा बदलणं. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तो करून पाहिला. २००८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या, गंभीर दुखापती त्याहूनही कमी.

खो-खोसाठी मी तो थोडा बदलते. पाच-सात मिनिटं हलकं पळणं, त्यात बाजूला आणि मागे पळणंही. मग जोडीनं एक व्यायाम: मुलगी गुडघ्यांवर ताठ बसते, दुसरी तिचे घोटे दाबून धरते, आणि पहिली कंबर न वाकवता सावकाश पुढे झुकत जाते. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी याच्याइतकं चांगलं फारसं काही नाही. सुरुवातीला तीन-चारदाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी मुली चालणार नाहीत. मग एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, एका पायावर अर्ध्या उठाबशा, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. मग उड्या. ‘गुडघा बाहेर, गुडघा बाहेर’ असं ओरडण्यापेक्षा ‘पाय टेकल्याचा आवाज येऊ देऊ नका’ एवढंच सांगा. आवाज टाळायला गेलं की गुडघे आपोआप वाकतात.

त्यानंतर खेळाच्या चाली. खांबाला वळसा घालताना मुली एका पायावर गर्रकन फिरतात. त्याऐवजी खांबाच्या अलीकडे दोन-तीन छोटी पावलं टाकून वेग तोडायला आणि मग वळायला शिकवा. हुलकावणीलाही हेच. चौकटीत बसणाऱ्या मुली नेहमी एकच पाय पुढे ठेवून त्याच पायानं उठतात, दोन्ही पायांनी उठायचा सराव द्या. सूर मारायचा सराव आधी मॅटवर किंवा भुसभुशीत केलेल्या मातीवर घ्या, गुडघा नव्हे, मांडी आणि छाती आधी टेकेल असा. पाऊस होऊन गेल्यावर मैदान वरून सुकलेलं आणि खाली चिकट असतं. त्या दिवशी वळणांचा सराव टाळा.

हे दिवाळीपर्यंत केलं आणि स्पर्धा आल्यावर सोडलं, तर उपयोग नाही. स्पर्धेच्या काळातच ते सगळ्यांत जास्त हवं. आणि पालकांना एकदा बोलावून मुलींकडून हा वॉर्मअप करून दाखवा. पत्र पाठवण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल.

मार न लागता एखादीचा गुडघा वारंवार सुजत असेल, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडू नका. या वयात कूर्चेखालच्या हाडाचा तुकडा सैल होण्याचा एक आजार असतो. लवकर कळला तर पुष्कळदा नुसत्या विश्रांतीनं तो भरून येतो.

मी ३४ वर्षांची. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करते आहे. यवतेश्वरचा घाट चढताना काही नाही, उतरताना वाटीच्या मागे दुखतं. बसून उठताना कटकट आवाज येतो. सासूबाई म्हणतात, पळून गुडघे झिजतील. (सातारा)

सासूबाईंची काळजी खरी आहे, पण हौशी पळणाऱ्यांबाबत पुरावा उलट आहे. बऱ्याच अभ्यासांची २०१७ मध्ये एकत्र मांडणी झाली. त्यात खुब्याची किंवा गुडघ्याची झीज हौसेनं पळणाऱ्यांमध्ये ३.५ टक्के होती, बैठी जीवनशैली असलेल्यांमध्ये १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी झटून पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भार येतो, जातो, त्या दाबाबरोबर सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. नुसत्या आवाजाला घाबरू नका. दुखणं किंवा सूज नसेल तर त्याला काही अर्थ नाही.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो आणि वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. या शर्यतीत अर्धं अंतर चढ आणि अर्धं उतार, म्हणजे उताराचाही सराव चढाइतकाच लागतो, आणि इथले बहुतेक जण फक्त चढाचा करतात. दोन आठवडे घाट पळत चढा आणि चालत उतरा. मग उताराचा छोटा तुकडा पळा, आठवड्याला थोडा वाढवत. पावलं आखूड आणि भरभर टाका, मागे रेलू नका. सोबत पायरीवरून सावकाश उतरण्याचा वर सांगितलेला व्यायाम आणि कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा. वाटीभोवती सूज आली किंवा पाय दगा देऊ लागला, तर दाखवायला या.

ग्लुकोसामाइन, कोलॅजन पावडर, ‘वंगणाचं’ इंजेक्शन: यांनी कूर्चा परत वाढते का? (इचलकरंजी, नगर आणि मुंबईहून आलेली पत्रं)

नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची अमेरिकेत दीड हजारांवर रुग्णांवर चाचणी झाली. २००६ मध्ये निकाल आला, एकंदरीत ती औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. कोलॅजनचे पैसे दूध, डाळी, अंडी यांवर घाला. वंगणाच्या इंजेक्शननं झीज झालेल्या काहींना काही महिने बरं वाटतं, पण गेलेली कूर्चा त्यानं येत नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या तोंडावर मागू नका. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते दिलेल्या, झीज असलेल्या रुग्णांची कूर्चा जास्त कमी झाली आणि दुखण्यातही फरक पडला नाही, हे २०१७ मध्ये दिसून आलं आहे.

वय २८, क्लबमध्ये बॅडमिंटन. मांडीच्या हाडावर साधारण दोन बाय दीड सेंटिमीटर कूर्चा निघालेली आहे. स्वतःच्याच पेशी वाढवून बसवायची शस्त्रक्रिया सुचवली आहे. सायना नेहवालच्या गुडघ्याचं वाचल्यापासून झोप नाही. (ठाणे)

सायनानं २०२४ मध्ये गुडघ्यात संधिवात असल्याचं आणि कूर्चा खराब झाल्याचं स्वतः सांगितलं. पण तिनं दिवसाला तासन् तास, वर्षानुवर्षं त्या गुडघ्यावर जागतिक दर्जाचा भार घेतला. तुमची तुलना तिच्याशी करू नका.

तुम्हाला सुचवलेली शस्त्रक्रिया खरी आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये १९८७ साली पहिल्या रुग्णावर ती झाली आणि १९९४ मध्ये जगापुढे आली. दुर्बिणीतून कूर्चेचा कण काढतात, प्रयोगशाळेत पेशी वाढवतात आणि काही आठवड्यांनी त्या जागी बसवतात. लहान खड्ड्यांसाठी हाडाला बारीक छिद्रं पाडतात, त्यातून भरून येणारी कूर्चा मूळच्यापेक्षा कमी टिकाऊ असते. किंवा गुडघ्याच्या कमी भाराच्या भागातून हाडासकट कूर्चेचे गोल तुकडे काढून बसवतात. तुमचा खड्डा तीन चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पेशींचा पर्याय सुचवणं वावगं नाही.

पण होकार देण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी विचारा. माझा पाय आत किंवा बाहेर वाकलेला आहे का, त्यासाठी उभ्यानं पूर्ण पायाचा एक्स-रे काढला का? लिगामेंट आणि गादी शाबूत आहेत का? यातलं काही बिघडलेलं असताना नुसती कूर्चा बसवली तर ती टिकत नाही. पुन्हा खेळायला किती दिवस? उत्तर साधारण वर्षभर असं यायला हवं. तीन महिने सांगितले तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

तुमच्या पत्रात दुखणं किती, सूज किती, यावर एक ओळही नाही. रोजच्या चालण्यात त्रास नसेल, गुडघा अडकत नसेल, सुजत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून चार-सहा महिने मांडी आणि खुब्याची ताकद वाढवण्याला द्या. एकेरीऐवजी दुहेरी खेळा, सिमेंटवर नव्हे, लाकडी कोर्टवर. त्यानंतरही गुडघा सुजत असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय घ्या. तेव्हा कमावलेली मांडी ऑपरेशननंतरही तुमच्या कामाला येईल.